आठव्या दिवसाची हजेरी

'मुलाला डॉक्टरला दाखवून आणले' असे मराठीत कोणी म्हटले, की ऐकणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: 'का हो, काय झाले?' काही झाले नव्हते, सहज दाखवून आणले, हे उत्तर आपल्या कानांना अजूनही थोडे चमत्कारिक वाटते. किंबहुना निरोगी मूल दाखवायचेच नसते, असा आपल्याकडचा जुना संकेत. गुटगुटीत बाळाच्या गालावर काजळाची तीट लावायची, तिन्हीसांजेला मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढायची, 'बाळ चांगले भरले आहे' असे कोणी तोंडावर बोलले तर आजीने मनातल्या मनात थू थू करायचे, ही रीत घरोघर होती. ज्या समाजाने निरोगी मूल झाकून ठेवण्यात शहाणपण मानले, त्याच समाजाला ते ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या ठिकाणी, परक्या माणसापुढे उघडे करून धरायला शिकावे लागले. पुणे-सोलापूर रस्त्यावर उरुळी कांचन आणि यवत यांच्या दरम्यान वसलेले कासुर्डी घ्या, की भीमेपलीकडचे शिरूर तालुक्यातील एखादे गाव घ्या. अंगणवाडीत वजनकाटा टांगलेला असतो आणि एखादी आई आपले खेळते-हसते मूल त्यात बसवते, तेव्हा त्या साध्या कृतीमागे दोनशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास उभा असतो. तो जितका वैद्यकाचा आहे, तितकाच आईबापांचाही आहे.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. जुने घर मुलाकडे पाहत नव्हते, असे मुळीच नाही. पाचवी, बारसे, सव्वा महिना, उष्टावण, जावळ ही सारी लहान मुलाच्या पहिल्या वर्षा-दोन वर्षांतील थांब्यांची नावे आहेत आणि प्रत्येक थांब्यावर चार वडीलधाऱ्या बायका मुलाला हातात घेत. न्हाऊ घालणारीचा हात रोज टाळूवरून फिरे. टाळू खोल गेली, मूल अंगावर ओढेनासे झाले, रडण्याचा आवाज बदलला, हे तिच्या आधी कोणाला कळत नसे. पाचवी-सहावीच्या रात्री जागरण करायचे, सटवाई येऊन कपाळी लेख लिहून जाते म्हणायचे, ही समजूत भाबडी खरी. पण नवजात बालकाचा धनुर्वात बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतच, आणि पुष्कळदा पहिल्या आठवड्याच्या आगेमागे दिसतो, हे लक्षात घेतले म्हणजे त्या भीतीची तारीख चुकीची नव्हती, असे म्हणावे लागते. चुकीचे होते ते कारण. दोष सटवाईच्या लेखणीचा नव्हता, नाळ कापणाऱ्या अस्वच्छ पात्याचा होता. घराला दिवस ठाऊक होते आणि नजर होती; पण ती नजर घरचीच होती, तिने पाहिलेले कोठे लिहून ठेवले जात नव्हते आणि एका घरचा अनुभव दुसऱ्या घराला उपयोगी पडत नव्हता.

बाहेरची नजर आली ती देवीच्या लशीबरोबर. एडवर्ड जेनरने १७९६ साली गायीच्या देवीची लस प्रथम एका मुलाला टोचली आणि १७९८ साली आपले संशोधन प्रसिद्ध केले. बगदाद व बसरा या मार्गाने ती लस मुंबईला पोहोचली आणि १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचण्यात आली. हिंदुस्थानात लस यशस्वीपणे उठलेले हे पहिले मूल. तिच्या दंडावरच्या फोडातील लस घेऊन आणखी पाच मुलांना टोचले आणि तेथून ती पुणे, सुरत, हैदराबाद अशी पसरत गेली. शीतकपाटे नव्हती, काचेच्या नळीत भरलेली लस उन्हात निकामी होई. त्यामुळे मुलाचा दंड हीच लशीची कुपी आणि मूल हेच तिचे वाहन.

या पद्धतीतच आपल्या विषयाचे बीज आहे. टोचल्यानंतर काम संपत नसे. आठव्या दिवसाच्या सुमारास मूल परत आणावे लागे. फोड नीट उठला आहे का, म्हणजे लस लागली आहे का, हे पाहायचे आणि त्याच फोडातून पुढच्या मुलांसाठी लस घ्यायची, अशी दोन कामे त्या दिवशी होत. मूल आजारी नाही, काही तक्रार नाही, तरीही अमुक दिवशी ते हजर करा, अशी मागणी आपल्याकडच्या आईबापांपुढे एवढ्या नियमाने प्रथम ठेवली गेली ती या आठव्या दिवसाच्या हजेरीच्या रूपाने. १८२७ पासून मुंबई इलाख्यात फिरते टोचणारे आणि त्यांच्यावर देखरेख करणारे अधिकारी अशी पद्धत बसली, तेव्हा ही मागणी खेड्यापाड्यांत जाऊन पोहोचली. 'देवी काढणे' हा शब्दप्रयोग आणि 'देवी डॉक्टर' ही असामी मराठी घरांना परिचयाची झाली.

आईबाप या हजेरीला नाखूश असत आणि त्यांच्या नाखुशीला नुसते अज्ञान म्हणून निकालात काढणे बरोबर नाही. पहिल्या दिवशी मूल नेले तर त्याला काही मिळे; आठव्या दिवशी नेले तर त्याच्यापासून काही काढून घेतले जाई. आपल्या लेकराचा दंड पुन्हा खरवडायचा तो दुसऱ्याच्या लेकरासाठी, आणि आपल्या लेकराच्या अंगात जे घातले ते कोणाच्या अंगातून आले, हे विचारायचे नाही. त्यात जातीचा विटाळ मानणारे होते, तसेच एकाचा रोग दुसऱ्याला जाईल या भीतीने मागे सरणारेही होते. ही दुसरी भीती अगदीच निराधार नव्हती. दंडावरून दंडावर टोचण्यात उपदंशासारखे रोग पसरल्याची उदाहरणे युरोपातही घडली होती. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वासराच्या अंगावर तयार केलेली लस वापरात येऊ लागली आणि ही तक्रार हळूहळू मिटली. आईबापांचा आक्षेप ऐकून नव्हे, तर कामाच्या सोयीसाठी पद्धत बदलली असेल. पण बदलल्यावर आईबापांचा एक मोठा आक्षेप गळून पडला, हे विसरता येत नाही.

सरकारने मात्र दुसरा मार्ग धरला. १८७७ च्या कायद्याने मुंबई शहरात देवी काढणे सक्तीचे झाले. १८८० साली हिंदुस्थान सरकारने नगरपालिकांसाठी तसा कायदा केला. १८९२ साली मुंबई इलाख्याच्या जिल्ह्यांसाठी स्वतंत्र कायदा आला. या कायद्यांच्या भाषेत आई आणि बाप प्रथमच 'पालक' म्हणून उभे राहिले. मूल अमुक वयाचे झाले की ते टोचायला आणण्याचे कर्तव्य पालकाचे, टोचल्यानंतर तपासणी करवून घेण्याचे कर्तव्यही त्याचेच, आणि चुकल्यास शिक्षाही त्यालाच. मुलाचे आरोग्य हा केवळ दैवाचा वा कुळाचा प्रश्न नसून त्याबाबत कोणालातरी जाब विचारता येतो, ही कल्पना नवी होती आणि मोलाची होती. पण तिच्यातला पालक हा आरोपीच्या पिंजऱ्याजवळचा माणूस होता. त्याला काय करायचे ते सांगितले जाई. का करायचे हे सांगण्याची तसदी क्वचितच कोणी घेई.

या वृत्तीचे टोक पुण्याने १८९७ साली पाहिले. प्लेगच्या निमित्ताने घरोघर शिरून झडती घेणारी पथके, अनोळखी शिपायांनी केलेली तपासणी आणि माणसे उचलून नेणे यांच्या धास्तीने लोक आजारी माणसे लपवू लागले. तपासणी या शब्दालाच त्या वर्षी दहशतीचा वास लागला. त्या साऱ्याचा शेवट २२ जून १८९७ च्या गोळीबारात झाला, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याच वर्षातील दुसऱ्या दोन घटना अधिक बोलक्या आहेत आणि दोन्ही या सोलापूर रस्त्याच्या टापूतल्या आहेत.

पहिली पंडिता रमाबाईंची. त्यांच्या आश्रमातील मुलींच्या रक्षणाची जबाबदारी त्यांच्यावर होती. या मुलींच्या त्याच कायदेशीर आणि नैतिक अर्थाने पालक होत्या. पुण्याच्या प्लेग इस्पितळात मुलींना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल त्यांनी १८९७ च्या मे महिन्यात 'बॉम्बे गार्डियन' पत्रात उघड तक्रार केली. ते पत्र थेट विलायतेच्या पार्लमेंटपर्यंत गाजले. पुढे त्यांचे सारे कार्य दौंड तालुक्यातील केडगावी स्थिरावले. रमाबाई पाश्चात्त्य वैद्यकाच्या विरोधक नव्हत्या, लस आणि स्वच्छता यांना नावे ठेवणाऱ्याही नव्हत्या. माझे मूल तुमच्या हाती देते, तर त्याचे काय झाले हे विचारण्याचा मला अधिकार आहे, एवढेच त्यांचे म्हणणे होते. पालकाने जाब द्यायचा, ही कायद्याची भाषा. पालकाने जाब विचारायचाही, हे रमाबाईंनी तीत भर घातलेले वाक्य.

दुसरी घटना सावित्रीबाई फुले यांची. मुंढव्याच्या पांडुरंग गायकवाड या प्लेग झालेल्या मुलाला पाठीवर घेऊन त्यांनी हडपसरजवळ डॉक्टर यशवंतांनी उघडलेल्या दवाखान्यात पोहोचवले, त्यांनाही लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. मूल वाचले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. ज्या वर्षी सरकारच्या भीतीने लोक आजारी लेकरे माळ्यावर लपवत होते, त्याच वर्षी दुसऱ्याचे लेकरू पाठीवर घेऊन दवाखान्याच्या दारात जाणारी एक वृद्ध बाई होती. एक दवाखाना लोकांना आपला वाटत होता आणि दुसरा वाटत नव्हता, हा फरक त्या दोन दृश्यांत स्पष्ट दिसतो.

विसाव्या शतकात या प्रश्नाला आकड्यांची जोड मिळाली. १९२१ साली मुंबई शहरात नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे सहाशेंहून अधिक बालके वर्षाच्या आत दगावली, असे नोंदीतून निघाले. हा आकडा शब्दशः घेता येत नाही. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या गिरणी कामगारांच्या बायका बाळंतपणाला गावी जात, जन्म गावी होई, पुढे मूल मुंबईच्या चाळीत येई आणि तेथे दगावे. मृत्यू शहराच्या खात्यात पडे, जन्म पडत नसे. तथापि हा फुगवटा वजा केला तरी उरते ते भयंकरच होते. याच दशकात 'बाळ-सप्ताह' आणि बाळांची प्रदर्शने भरू लागली. सुदृढ बालकाला बक्षीस! दृष्ट लागेल म्हणून तीट लावणाऱ्या आईला आता मूल मांडीवर घेऊन रांगेत बसायचे होते आणि परीक्षकाने त्याचे वजन मोठ्याने वाचायचे होते. बक्षिसे बहुधा खात्यापित्या घरच्या बाळांना जात, ही टीका रास्त होती. परंतु निरोगी मूल चारचौघांत दाखवण्याची लाज आणि भीती मोडण्याचे काम या प्रदर्शनांनी थोडेफार केले.

मूल दाखवायला नेणारीचा रोज बुडतो, हा मुद्दा मात्र प्रदर्शनात कोणी मांडला नाही. त्याच्या जवळपासचा मुद्दा मांडला गेला तो मुंबईच्या कायदेमंडळात. १९२८ साली स्त्री-कामगारांच्या प्रसूती साहाय्याचे विधेयक आले, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला आणि आईला मिळणारी ही विश्रांती राष्ट्राच्या हिताची असल्याने तिच्या खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलला पाहिजे, असे प्रतिपादन केले. १९२९ साली तो कायदा झाला. मुलाची काळजी घ्या, हे आईबापांना सांगणे फुकट असते. ती घेण्याला जो वेळ लागतो त्याची किंमत कोणीतरी मोजावी लागते. त्या चर्चेतला हा धडा पुढे वारंवार विसरला गेला.

स्वातंत्र्यानंतर खरा पालट घडवला तो एका कागदाने. डॉ. डेव्हिड मोर्ले यांनी १९५० नंतरच्या दशकात पश्चिम आफ्रिकेत नायजेरियातील एका खेड्यात काम करताना मुलाच्या वजनाचा आलेख असलेले कार्ड तयार केले. दर महिन्याला एक ठिपका. ठिपके जोडले की रेघ. रेघ वर चढते तोवर ठीक, आडवी झाली की सावध. यातली युक्ती आलेखात जितकी होती तितकीच ते कार्ड कोठे ठेवायचे यात होती. ते दवाखान्याच्या कपाटात राहत नसे, आईच्या घरी राहत असे. कार्डे हरवतील, ही डॉक्टरांची भीती खोटी ठरली. आयांनी ती दवाखान्यांपेक्षा नीट सांभाळली. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला काम सुरू केले आणि खेड्यातल्याच निरक्षर स्त्रियांना मुलांची वजने घ्यायला शिकवले. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी सत्तरच्या दशकात शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक येथे ग्रामीण आरोग्याचे काम उभे केले. गावचीच माणसे आरोग्यरक्षक म्हणून घरोघर जाऊ लागली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, त्यांत मेळघाटातील धारणी होती. अंगणवाडी हा शब्द त्यानंतर मराठी खेड्याच्या रोजच्या बोलण्यात आला.

वजनच का? तर डोळा फसतो म्हणून. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील शंभर मुलांपैकी सुमारे ३५ मुले वयाच्या मानाने बुटकी आढळली. ज्या वस्तीत तिसरे मूल तसे असते, तेथे बुटके मूल बुटके दिसतच नाही. आई म्हणते, 'आमच्याकडे सगळी अशीच', आणि ती खोटे बोलत नसते. शेजारच्या मुलाशी तुलना करून जे कळत नाही, ते मोजपट्टीच सांगते.

आठव्या दिवसाच्या जुन्या हजेरीची दिशा पुरती उलटली ती गडचिरोलीत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत आरोग्यदूत स्त्रियांना शिकवून नवजात बाळाच्या घरी पाठवले. बाळंतीण आणि बाळ घराबाहेर पडत नाहीत, हे त्यांनी अडाणीपणा म्हणून हिणवले नाही; बाळ येत नसेल तर तपासणीने जावे, एवढेच केले. त्या गावांतील नवजात बालकांचा मृत्युदर हजारी सुमारे ६२ वरून २५ वर आला. हे निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले. २०११ पासून देशभर आशाताईंच्या नवजात-भेटी सुरू झाल्या त्या याच अनुभवाच्या आधारावर. दवाखान्यातील बाळंतपणानंतर तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा, असे भेटींचे सहा दिवस ठरले. आजीची पाचवी, बारसे आणि सव्वा महिना या दिवसांशेजारी हे वेळापत्रक ठेवून पाहावे. दोन पंचांगे फार लांबची नाहीत.

फेब्रुवारी २०१३ मध्ये, तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघर येथून, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. त्यातील फिरती पथके अंगणवाडीतील मुले वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुले एकदा तपासतात: जन्मजात व्यंगे, जीवनसत्त्वांची उणीव, आजार आणि वाढीतील विलंब. या तपासण्यांत तारखेला किंमत का आहे, हे आईबापांनी समजून घ्यावे असे आहे. पाऊल आत वळलेले मूल पहिल्या आठवड्यांत दाखवले तर बहुधा प्लास्टरने सरळ होते. कानाने ऐकू येत नाही हे सहा महिन्यांच्या आत कळले, तर भाषा वाचवता येते. गळ्यातील ग्रंथीचा स्राव कमी असलेल्या बाळाला पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू झाले, तर बुद्धी वाचते. यांपैकी एकाही बाळाची तक्रार नसते. ती सारी दिसायला 'बरी' असतात.

हे सारे झाले तरी एक प्रश्न या टापूत दर हिवाळ्यात नव्याने उभा राहतो. मुठा कालव्याच्या पाण्याने दौंडच्या रानात ऊस आला, गुऱ्हाळे आली, पाटसला आणि शिरूरकडे न्हावऱ्याला साखर कारखाने आले, आणि त्यांच्यामागून बीड-नगरकडची तोडकरी कुटुंबे आली. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. एक जण थांबला की कोयता मोडतो आणि मुकादमाच्या वहीत 'खाडा' पडतो. पहाटे फडात जाणाऱ्या त्या आईने मूल कोपीतून अंगणवाडीत कधी न्यायचे? तिच्या गावच्या अंगणवाडीत मूल 'स्थलांतरित' म्हणून लिहिलेले असते आणि इथल्या वहीत ते नसते. पाच-सहा महिन्यांचा हंगाम म्हणजे एक वर्षाच्या मुलाचे अर्धे आयुष्य. त्या अर्ध्या आयुष्याची रेघ आलेखावर कोरी राहते. लस देशात कोठेही मिळू शकते, आशाताई कोप्यांपर्यंत जातातही. पण १९२८ साली विचारलेला रोजाचा प्रश्न फडाच्या बांधावर अजून उत्तर मागत बसला आहे.

आणखी एक गोष्ट. कायद्याच्या भाषेत 'पालक' म्हणजे आई आणि बाप दोघेही होते. व्यवहारात तो शब्द केव्हाच एकट्या आईचा झाला. काट्यापाशी रांगेत उभी ती, कार्ड सांभाळणारी ती, वजन घटले तर बोलणी खाणारीही तीच. गाडीची किल्ली, रोजाचा पैसा आणि 'उद्या बघू' हा शब्द मात्र पुष्कळ घरांत बापाच्या हाती असतो. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात पुढची तपासणी करा, असे पथकाने लिहून दिले, की तो कागद पुढे सरकायचा की फडताळात राहायचा, हे त्या एका शब्दावर ठरते.

आता वजने अंगणवाडीताईंच्या मोबाईलमध्ये भरली जातात. चांगले आहे, आकडा तालुक्याला, जिल्ह्याला, दिल्लीला ताबडतोब कळतो. मात्र तो ज्या घरचा आहे त्या घराला आधी कळला पाहिजे. माता-बाल संरक्षण कार्डावर मुलीसाठी गुलाबी आणि मुलासाठी निळा आलेख छापलेला असतो. या दिवाळीत घरी फराळाचे डबे भरून झाले म्हणजे ज्यांच्या घरी पाच वर्षांखालचे मूल आहे, त्यांनी ते कार्ड ट्रंकेतून काढावे आणि शेवटचा ठिपका कोणत्या महिन्याचा आहे, ते पाहावे. पाहताना शेजारी मुलाचा बापही बसलेला असावा. आणि बांधावरच्या कोपीत एखादे तान्हे असेल, तर त्याचे कार्ड कोठे आहे, हेही कोणीतरी विचारावे.